मूळ प्रत कुठे राहते?

पेशंटच्या घरी जाऊन फिजिओथेरपी देणाऱ्या माझ्यासारखीचं काम चार गोष्टींवर चालतं. आज कोणाकडे किती वाजता जायचं, त्यांचा फोन आणि पत्ता काय, मागच्या वेळी गुडघा किती अंशांपर्यंत वाकला होता, आणि पुढच्या खेपेला त्यांच्यासाठी व्यायामाची रबरी पट्टी न्यायची आहे का. फोनच्या भाषेत कॅलेंडर, कॉन्टॅक्ट, नोट्स आणि टास्क. कोथरूड, कर्वेनगर, वारजे हा माझा पट्टा. दिवसभर हातात अँड्रॉइड फोन, संध्याकाळी बिलं आणि अहवाल लिहायला लॅपटॉप, नवऱ्याकडे आयफोन, आईच्या औषधांच्या वेळा आम्हा दोघांच्या फोनमध्ये निम्म्या-निम्म्या, आणि धाकटा भाऊ म्युनिकला. या सगळीकडे एकच माहिती सारखी दिसावी, एवढीच माझी इच्छा. ती पुरी करताना जे जे करावं लागलं ते लिहिते आहे. मराठी नावांसकट आणि तिथींसकट हे कसं जमवायचं, हे मला कुठे एका जागी वाचायला मिळालं नव्हतं.

भाचा इंजिनिअरिंगला आहे. त्याला म्हटलं, एखादं चांगलं सिंकचं ॲप सांग. तो म्हणाला, "मावशी, ॲप नंतर. आधी मला सांग, मूळ प्रत कुठे राहणार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझे काही नंबर सिममध्ये होते, काही फोनच्या मेमरीत, काही गूगल खात्यात, काही एका जुन्या ईमेलच्या पत्त्यांत. प्रत्येक जागा स्वतःला मूळ समजत होती. दोन मूळ प्रती एकमेकींना जोडल्या की दोन्हीकडे दुप्पट नावं होतात, आणि त्यात तिसरी आली की कुठलं खरं हे कोणालाच सांगता येत नाही. मला वाटतं, लोकांचं सिंक बिघडतं ते बहुतेक इथेच. ॲप बदलून ते सुधारत नाही.

ज्यांचं सगळं एकाच गूगल किंवा ॲपल खात्यात आहे आणि घरात एकाच जातीची उपकरणं आहेत, त्यांनी या भानगडीत पडायची गरज नाही. त्यांचं कॅलेंडर आणि पत्ते व्यवस्थित चालतात. माझ्या दोन अडचणी होत्या. पेशंटच्या दुखण्याची टिपणं मला दुसऱ्याच्या यंत्रावर उघडी ठेवायची नव्हती. माणूस आपल्याला घरात घेतो, पाठ-कंबर दाखवतो, ऑपरेशनचे कागद हातात देतो. ते जपणं हे माझ्या कामातच येतं. दुसरी अडचण टास्कची. गूगलचं कॅलेंडर आणि कॉन्टॅक्ट कॅलडॅव्ह आणि कार्डडॅव्ह या खुल्या पद्धतींनी इतर प्रोग्रॅमना वाचता येतात, पण गूगलची टास्क त्या वाटेने येत नाहीत. आयफोनच्या रिमाइंडर्सचंही तसंच. आयओएस १३ पासून आयक्लाउडवरची जी रिमाइंडर्स नव्या पद्धतीत नेली जातात ती कॅलडॅव्हने दिसत नाहीत.

कॅलडॅव्ह हे २००७ साली आरएफसी ४७९१ म्हणून प्रसिद्ध झालेलं प्रमाण (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम लिहिलेले क्रमांकवार कागद), आणि कार्डडॅव्ह २०११ चं, आरएफसी ६३५२. कागद कोणालाही वाचायला खुले आहेत, त्यामुळे ते पाळणारा कुठलाही प्रोग्रॅम दुसऱ्याशी बोलू शकतो. आम्ही ठरवलं की मूळ प्रत घरातच ठेवायची, रास्पबेरी पाय नावाच्या एका छोट्या संगणकावर. तळहाताएवढं ते यंत्र राउटरशेजारी फळीवर बसलं. त्यावर रॅडिकेल नावाचा, पायथन या संगणकाच्या भाषेत लिहिलेला छोटा सर्व्हर, म्हणजे बाकीच्या उपकरणांना माहिती पुरवणारा प्रोग्रॅम, चालतो. त्याची मला आवडलेली गोष्ट म्हणजे तो डेटाबेस वगैरे काही मागत नाही. प्रत्येक अपॉइंटमेंटची एक वेगळी फाईल, प्रत्येक माणसाची एक वेगळी फाईल. साध्या एडिटरमध्ये उघडली तरी वाचता येते. उद्या रॅडिकेल बंद पडला तरी माझी माहिती माझ्याकडे राहते.

पण सर्व्हर लावणं हा सोपा भाग होता. खरा वेळ गेला तो नावांत.

फोनमधून सगळे कॉन्टॅक्ट फाईलमध्ये काढले आणि लॅपटॉपवर उघडले. इंग्रजीत लिहिलेली नावं ठीक होती. मराठीतली नावं म्हणजे बरोबरच्या (=) चिन्हांची, रोमन अक्षरांची आणि आकड्यांची लांबच लांब माळ. काही नावं अर्ध्यातच तुटलेली, उरलेला भाग पुढच्या ओळीत अनाथ पडलेला. लॅपटॉपने त्या तुटलेल्या नावांचे कॉन्टॅक्ट घेतलेच नाहीत.

भाच्याने फाईलची दुसरी ओळ दाखवली. तिथे व्हीकार्डची, म्हणजे कॉन्टॅक्ट फाईलमध्ये लिहायच्या पद्धतीची, आवृत्ती लिहिली होती, २.१. ही आवृत्ती १९९६ ची. त्या काळच्या ईमेल यंत्रणांवर रोमन सोडून दुसरी अक्षरं धडपणे पोचतील याची खात्री नसायची, म्हणून प्रत्येक बाइटचं तीन चिन्हांत रूपांतर करून पाठवायची पद्धत होती. देवनागरीतला प्रत्येक वर्ण, मग तो नुसता उकार का असेना, यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे जगातल्या सगळ्या लिपी साठवायच्या आजच्या पद्धतीत, तीन बाइट घेतो. तीन बाइटची झाली नऊ चिन्हं. 'सुमन' म्हणजे स, उकार, म, न. छत्तीस चिन्हं. 'सुमनमावशी' हे वर्ण धरले तर नऊ, म्हणजे ८१ चिन्हं. आणि त्या पद्धतीत एका ओळीत ७६ च्या वर चिन्हं बसत नाहीत. ओळ तोडावी लागते, शेवटी एक बरोबरचं चिन्ह देऊन. वाचणाऱ्या प्रोग्रॅमला ती खूण नीट कळली नाही की मावशीचं शेपूट तुटलंच.

इंग्रजीत 'सुमन मावशी' लिहिलं तर बारा चिन्हांत काम होतं. म्हणजे हा त्रास होतो तो फक्त स्वतःच्या लिपीत नावं लिहिणाऱ्यांना. अनेकांनी मला सल्ला दिला की नावं इंग्रजीत कर, कटकट मिटेल. मी ते केलं नाही आणि करणारही नाही. आई माझा फोन घेऊन स्वतः नावं शोधते, तिला ती देवनागरीतच वाचायची असतात. शिवाय माणसाचं नाव तो जसं लिहितो तसं लिहावं, असं मला मनापासून वाटतं. तंत्राची अडचण तंत्राने सोडवायची. आणि ती सुटलेली आहे. २०११ साली आलेल्या व्हीकार्ड ४.० मध्ये यूटीएफ-८ सोडून दुसरं काही चालतच नाही, अक्षरं जशीच्या तशी लिहिली जातात. प्रश्न जुन्या आवृत्तीत निर्यात करणाऱ्या फोनचा आहे. पायथनमध्ये ही जुनी पद्धत उलगडणारं क्विओप्री नावाचं मॉड्यूल आधीपासूनच असतं. भाच्याने ते वापरून छोटीशी स्क्रिप्ट लिहिली: तुटलेल्या ओळी आधी जोडायच्या, मग माळ उलगडायची, मग नव्या आवृत्तीत लिहायचं. 'सुमनमावशी' स्क्रीनवर अखंड उमटली तेव्हा मला जो आनंद झाला तो कोणाला सांगून पटणार नाही.

मग दुप्पट-तिप्पट नावं. एकच नंबर कधी नुसता दहा आकडी, कधी आधी शून्य लावलेला, कधी अधिक ९१ लावलेला. यंत्राच्या लेखी ती तीन माणसं. सगळे नंबर अधिक ९१ ने सुरू होतील असे केले. भावाच्या जर्मन नंबरवरच्या व्हॉट्सॲपमध्ये आपल्याकडचे कित्येक नातेवाईक का दिसत नव्हते, त्याचाही उलगडा यातच झाला. नुसता दहा आकडी नंबर तिथे भारताचा म्हणून ओळखला जात नाही.

नंबर सारखे केल्यावर जे एक होऊ शकत होते ते एक केले, पण हे काम मी यंत्रावर सोडलं नाही. 'पाटीलकाका' आणि 'पाटील गुडघा' हे एकच आहेत का, हे मलाच माहीत असतं. रोज संध्याकाळी थोडी थोडी नावं घेऊन बसले. बंद झालेले नंबर काढले. जे गेले, त्यांचे नंबर मात्र ठेवले, एका वेगळ्या पुस्तकात.

दुप्पट नावं मुळात का होतात, हेही या निमित्ताने कळलं. प्रत्येक नोंदीला एक यूआयडी असतो, त्या नोंदीचा कायमचा ओळखक्रमांक. फाईल पुन्हा आयात करताना बरेच प्रोग्रॅम तो नवीन देतात, आणि मग जुनी आणि नवी नोंद एकच आहे हे ओळखायचा काही मार्ग राहत नाही. म्हणून माझा नियम असा: आयात एकदाच, तीही थेट सर्व्हरवर. त्यानंतर फोनने आणि लॅपटॉपने सर्व्हरकडूनच घ्यायचं. सिममधले नंबर पुसून टाकले, फोनच्या मेमरीतलेही. नवीन नंबर साठवताना फोन विचारतो कुठे ठेवू, तिथे कायमचं आपलं खातं निवडून ठेवलं.

अँड्रॉइडला कॅलडॅव्ह आणि कार्डडॅव्ह मुळात येत नाही, त्यासाठी डॅव्हएक्स५ नावाचं ॲप लागतं. पूर्वी ते डॅव्हड्रॉइड या नावाने होतं. प्ले स्टोअरवर विकत मिळतं, एफ-ड्रॉइड या खुल्या ॲपच्या भांडारात फुकट. मी विकतचं घेतलं, कारण असं काम करणाऱ्यांना पैसे मिळाले पाहिजेत. हे ॲप स्वतः कॅलेंडर दाखवत नाही. ते फक्त सर्व्हर आणि फोन यांच्यात ने-आण करतं, दाखवायला फोनमधलं नेहमीचं कॅलेंडर आणि नेहमीचं फोनबुक. आयफोनला वेगळं ॲप लागत नाही, सेटिंगमध्येच कॅलडॅव्ह आणि कार्डडॅव्ह खातं जोडता येतं. लॅपटॉपवर थंडरबर्ड हा ईमेलचा प्रोग्रॅम. त्यात कॅलेंडर आधीपासून होतं, आणि कार्डडॅव्ह २०२१ च्या ९१ व्या आवृत्तीपासून आतच आलं.

अँड्रॉइडवर एक काम मात्र विसरू नये. बॅटरी वाचवण्यासाठी बरेच फोन मागे चालणारी ॲप परस्पर झोपवतात. माझा फोन तर फारच आग्रही. सकाळी लॅपटॉपवर टाकलेली अपॉइंटमेंट दुपारपर्यंत फोनवर येत नसे. बॅटरीच्या सेटिंगमध्ये जाऊन या ॲपला बंधनातून मोकळं केल्यावर ते नियमित धावू लागलं.

घराबाहेरून सर्व्हरपर्यंत पोचायचं कसं, हा पुढचा प्रश्न. आमच्या ब्रॉडबँडला स्वतंत्र सार्वजनिक आयपी पत्ता नाही, एकाच पत्त्याआड कितीतरी घरं असतात, त्यामुळे बाहेरून दार ठोठावताच येत नाही. माझ्यापुरतं घरी आल्यावर वायफायवर सिंक झालं तरी चाललं असतं, पण म्युनिकला बसलेल्या भावाला ते कसं चालणार? टेलस्केलने तो प्रश्न सुटला. ते वायरगार्ड या खाजगी जाळं बांधायच्या तंत्रावर उभं आहे, आपली सगळी यंत्रं जगात कुठेही असली तरी एकमेकांना खाजगी जाळ्यात दिसतात. त्यातून घरच्या सर्व्हरला नाव आणि सुरक्षिततेचं प्रमाणपत्रही मिळालं, म्हणून आयफोननेही कुरकुर केली नाही.

कॅलेंडरं तीन केली: काम, घर, आई. काम फक्त माझ्याकडे. घर नवऱ्याकडे आणि माझ्याकडे. आईचं आम्हा तिघांकडे, म्हणजे भावाकडेही. तिच्या डोळ्यांची तपासणी, रक्ताच्या चाचण्या, औषधं संपायची तारीख भावाला तिकडे बसून दिसते, आणि तो आपण होऊन फोन करतो. पत्त्यांची पुस्तकंही अशीच वेगळी. नवऱ्याच्या फोनवर पेशंटचं एकही नाव जात नाही.

भावाबरोबरच्या रविवारच्या व्हिडिओ कॉलने वेळेचा गुंता दाखवून दिला. भारतीय वेळेने संध्याकाळी साडेसात म्हणजे म्युनिकला उन्हाळ्यात दुपारचे चार आणि हिवाळ्यात तीन. त्यांचं घड्याळ मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सरकतं, आपलं सरकत नाही. नोंद त्याने तिकडच्या वेळेत केली असेल तर ऑक्टोबरनंतर आईचा कॉल साडेआठला जातो, आणि ती तर लवकर जेवून झोपणारी. प्रत्येक नोंदीत तिचा कालविभाग लिहिलेला असतो. आईच्या कॅलेंडरमधल्या सगळ्या नोंदी आशिया/कोलकाता या विभागात करायच्या, असं आम्ही ठरवलं. घड्याळ भावाने सांभाळायचं, आईने नाही.

वाढदिवसांची नोंद पूर्ण दिवसाची असावी लागते, म्हणजे नुसती तारीख, वेळ नाही. जुन्या कॅलेंडरमधून आलेले काही वाढदिवस मध्यरात्री बारा वाजता सुरू होणारे होते. आपली मध्यरात्र म्हणजे जागतिक वेळेने आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेसहा, त्यामुळे भावाला ते सगळे आदल्या दिवशी दिसत. असे एकेक शोधून दुरुस्त केले.

तिथींचं काय? बाबांचं श्राद्ध मार्गशीर्ष शुद्ध अष्टमीला. कुळधर्म, नवरात्र, आईचा तिथीने वाढदिवस. कॅलेंडरला 'दरवर्षी' सांगितलं की ते इंग्रजी तारीख धरतं. गणेश चतुर्थी २०२२ ला ३१ ऑगस्टला होती, २०२३ ला १९ सप्टेंबरला, कारण त्या वर्षी अधिक श्रावण आला, आणि २०२४ ला ७ सप्टेंबरला. 'दरवर्षी'च्या कुठल्याही साध्या नियमात हे बसत नाही. इतर कालगणनांप्रमाणे पुनरावृत्ती लिहिण्याची सोय आरएफसी ७५२९ ने २०१५ साली करून ठेवली आहे, पण आम्ही वापरतो त्यांतल्या एकाही ॲपमध्ये पंचांग नाही. भारताचं म्हणून संगणकांत जे कॅलेंडर सापडतं ते १९५७ साली स्वीकारलेलं राष्ट्रीय सौर शक कॅलेंडर. त्यात चैत्र-वैशाख आहेत, तिथी नाहीत.

म्हणून आता गुढीपाडव्यानंतर एका दुपारी आई पंचांग घेऊन बसते आणि मी लॅपटॉप. ती तिथी सांगते, मी तारीख टाकते. प्रत्येक तिथीची त्या वर्षापुरती एकेक वेगळी नोंद, आणि आठवण चार दिवस आधीची, गुरुजींना सांगायला वेळ मिळावा म्हणून. नोंदीच्या तपशिलात आई काय काय लिहायला लावते ते महत्त्वाचं आहे: कोणाला जेवायला बोलवायचं, कुठली भाजी चालत नाही, गुरुजींचा नंबर. हे सगळं आजवर तिच्या डोक्यात होतं. आता ते आम्हा दोघा भावंडांच्या फोनमध्ये आहे. यासाठी कोणी ॲप लिहिलं तर फार बरं होईल, पण ते आलं तरी ही दुपार मी सोडणार नाही.

टास्क त्याच कॅलडॅव्हवर चालतात, वेगळ्या यादीत. अँड्रॉइडवर डॅव्हएक्स५ ती टास्क्स डॉट ऑर्ग या ॲपला देतं, लॅपटॉपवर थंडरबर्ड दाखवतं, आयफोनवर रिमाइंडर्समध्ये आमच्या सर्व्हरची यादी म्हणून येतात. किराणा आणि गॅस सिलिंडर नवऱ्याच्या आणि माझ्या सामायिक यादीत. यावर सांगण्यासारखं फारसं नाही, हे पहिल्यापासून चाललं.

नोट्सचं तसं नाही. कॅलेंडरच्याच प्रमाणात टिपणांसाठी व्हीजर्नल नावाचा प्रकार आहे आणि अँड्रॉइडवर जेटीएक्स बोर्ड तो उत्तम दाखवतं, पण थंडरबर्ड दाखवत नाही, आणि मला टिपणं लॅपटॉपवर लागतातच. शेवटी जॉप्लिन हे टिपणांचं ॲप घेतलं. टिपणं मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या मजकुरात राहतात, सिंकसाठी वेबडॅव्ह ही फाईली ने-आण करायची खुली पद्धत चालते, ती त्याच रास्पबेरी पायवर अपाची हा वेब सर्व्हर बसवून दिली. आणि टिपण फोनवरून बाहेर पडण्याआधीच कुलूपबंद होतं, सर्व्हरवर फक्त सांकेतिक मजकूर. ते कुलूप उघडणारा सांकेतिक शब्द मी कागदावर लिहून कपाटात ठेवला आहे, कारण तो हरवला तर टिपणं परत मिळत नाहीत.

दोघांनी एकच नोंद एकाच वेळी बदलली तर? सर्व्हर प्रत्येक नोंदीला ईटॅग नावाची खूण देतो आणि नोंद बदलली की ती खूणही बदलते. फोनने जुनी खूण दाखवून बदल पाठवला की सर्व्हर ४१२ क्रमांकाचा नकार देतो. अशा वेळी डॅव्हएक्स५ सर्व्हरचंच खरं मानतं. म्हणजे आईच्या डॉक्टरांची वेळ भावाने आधी बदलली असेल तर माझा बदल पुसला जातो. हे माहीत असलं की पुरे, आम्ही महत्त्वाचे बदल फोन करून सांगतोच. शिवाय भाच्याने रॅडिकेलला गिट हा फाईलींतले बदल नोंदवणारा प्रोग्रॅम जोडून दिला आहे, प्रत्येक बदलाचा इतिहास राहतो, चुकून पुसलेली नोंद मागे जाऊन आणता येते.

आमच्याकडे गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते, कधी दुपारभर. आधी मला याची धास्ती होती. पण सर्व्हर बंद असताना फोनचं काही अडत नाही, कारण प्रत्येक फोनमध्ये पूर्ण प्रत असतेच. बदल फोनमध्ये साठतात आणि वीज आली की जातात. धोका असतो तो पायच्या मेमरी कार्डाला. म्हणून एक छोटा यूपीएस लावला आणि रोज रात्री सगळ्या फाईलींची प्रत लॅपटॉपवर जाते.

गेल्या पावसाळ्यात फोन पाण्याने गेला. नवा घेतला, टेलस्केल आणि डॅव्हएक्स५ टाकलं, सर्व्हरचा पत्ता आणि पासवर्ड दिला. दुकानातून निघून रिक्षात बसेपर्यंत पत्ते, अपॉइंटमेंट, कामं सगळं आलेलं होतं, मराठी नावं अखंड. जॉप्लिनला सांकेतिक शब्द लागतो आणि तो कपाटात, त्यामुळे टिपणं संध्याकाळी घरी गेल्यावर आली. पेशंटना वेगळी रिंगटोन लावलेली असायची, ती मात्र एकेकाला नव्याने लावावी लागली. रिंगटोन त्या त्या फोनवरच राहते, कार्डडॅव्हबरोबर येत नाही.